झोपून उठलं तरी तेवढीच दमलेली असते. हा थकवा वयाचा की आणखी कसला?

शेवंती (रविवार, रात्री १०:५०)

आज दुपारी दोन तास झोपले. उठले तेव्हा झोपायच्या आधी होते तेवढीच दमलेली होते. मग म्हटलं, आता विचारावंच. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदा. लांबलंय, सांभाळून घ्या.

वय ४६. राहायला बदलापूर, नोकरी भायखळ्याला, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. घरी नवरा, सासूबाई, बारावीतला मुलगा आणि सातवीतली मुलगी. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्ट ड्यूटीला. सासूबाई ७८ वर्षांच्या, शुगर आहे, गुडघे गेलेत.

पहाटे ४:४० ला उठते, कारण पाचला नळाला पाणी येतं आणि पाऊण तासात जातं. पाणी भरता भरता कणीक, भाजी, चार डबे. सासूबाईंच्या गोळ्या, त्यांचा नाश्ता झाकून ठेवणं. सव्वासातला प्लॅटफॉर्मवर. संध्याकाळी घरात पाऊल टाकायला सव्वाआठ. मग स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, ओटा धुऊन आडवं व्हायला पावणेबारा. रात्री सासूबाई दोनदा बाथरूमला उठतात, दीडच्या सुमाराला आणि साडेतीनला. मागच्या पावसाळ्यात त्या बाथरूमच्या उंबऱ्यावर पडल्या. तेव्हापासून त्यांची काठी फरशीला टेकली की मी उठून बसलेली असते.

हे सगळं मी पस्तिशीतही करत होते. मुलं लहान होती तेव्हा तर याहून जास्त. तेव्हाही दमायचे, पण झोप झाली की थकवा उतरायचा. आता उतरतच नाही. दीड वर्ष झालं.

गेल्या महिन्यातली गोष्ट सांगते. आमच्या लेडीज डब्यात भाजी निवडत जाणाऱ्या बायका आहेत, मीही त्यातलीच. त्या दिवशी मेथीची जुडी मांडीवर घेतली, दोरा सोडला, पहिली काडी हातात घेतली. पुढचं काही आठवत नाही. जाग आली ती सीएसएमटीला, डबा रिकामा होत असताना. भायखळा मागेच गेलं होतं. ती पहिली काडी अजून चिमटीत होती आणि बाकीची जुडी पायाशी, उतरणाऱ्या बायकांच्या चपलांखाली चिरडलेली. मी खाली वाकून ती गोळा केली आणि तिथेच बाकावर बसून रडले. उठून उभं राहायचं म्हटलं तरी अंगात त्राण नव्हतं.

ऑफिसात दर महिन्याच्या सातला टीडीएस भरायचा, अकराला आणि वीसला जीएसटीची रिटर्न्स, जीएसटीआर-वन आणि थ्रीबी. या तारखा माझ्या अंगात भिनल्यात. परवा थ्रीबीत क्रेडिटचा आकडा भलत्याच रकान्यात टाकला. साहेबांनी फाइल करायच्या आधी पाहिलं म्हणून निभावलं. मला कोणी काही बोललं नाही, पण मी दोन दिवस कॅल्क्युलेटरला हात लावताना घाबरत होते.

स्टेशनचा पूल पूर्वी न थांबता चढायचे. आता मधल्या वळणावर थांबते आणि मोबाइल काढून बघते, म्हणजे मागच्यांना वाटेल फोन आलाय. छातीत धडधडत असतं. केस गळतात, थंडी नसताना हातपाय गार पडतात. तांदूळ निवडताना दहा-बारा दाणे तोंडात टाकायची सवय लागलीय, चावत बसलं की बरं वाटतं. मुलीवर विनाकारण ओरडते. ती परवा म्हणाली, "आई, तू घरी आलीस की मी आधी तुझा चेहरा बघते, मग ठरवते बोलायचं की नाही." ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

जवळच्या डॉक्टरांना दोनदा दाखवलं. बीपी पाहिलं, ठीक होतं. "धावपळ फार होते तुमची, वयही झालं," असं म्हणून टॉनिक आणि बी-कॉम्प्लेक्स दिलं. टॉनिक रोज सकाळी चहाबरोबर घेते, दोन बाटल्या संपल्या. आई म्हणते चाळिशीनंतर असंच. मैत्रिणी म्हणतात सगळ्यांचंच असं आहे.

खरंच सगळ्यांचं असंच आहे का? आणि तसं असेल, तर अजून बारा वर्षं नोकरी आहे, ती कशी काढायची?

पहाटवारा (रविवार, रात्री ११:२०)

ताई, मी ५५ चा. माझंही असंच होतं. रोज पहाटे पाचला उठून अर्धा तास चालणं, बारा सूर्यनमस्कार, रात्री नऊनंतर मोबाइल बंद. सहा महिन्यांत माणूस बदलतो. मनावर घेतलं तर सगळं जमतं. प्रयत्न करून बघा.

शेवंती (रविवार, रात्री ११:३५)

दादा, तुम्ही चांगल्या मनाने सांगताय. पण पाचला मी नळाला हंडा लावून उभी असते. त्याआधी उठायचं तर झोपायचं कधी? सूर्यनमस्कार मला येतात, शाळेत शिकलेय. दिवाळीच्या सुट्टीत घालून पाहिले. चौथ्याला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि भिंत धरून खाली बसले.

पहाटवारा (सोमवार, सकाळी ६:१०)

अंधारी येत असेल तर सूर्यनमस्कार राहू देत. आधी रक्त तपासून घ्या. काल मी पूर्ण न वाचताच लिहिलं, मनापासून माफी मागतो.

लॅबवाली ताई (सोमवार, दुपारी २:१५)

मी डॉक्टर नाही. सांगलीत एका लॅबमध्ये एकोणीस वर्षं रक्त काढते आणि मशीनला लावते. शेवंतीताई, तुम्ही एक ओळ सहज लिहून पुढे गेलात, मी तिथेच अडकले. तांदूळ.

कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल, भिंतीचा चुना, माती, फ्रीजमधला बर्फ. हे खावंसं वाटणं पुष्कळदा अंगातलं लोह संपत आल्याचं लक्षण असतं. आमच्याकडे एक बाई यायच्या, त्या पर्समध्ये पाटीवरच्या पेन्सिलींचं पाकीट ठेवायच्या. कोणाला सांगायच्या नाहीत, घरच्यांनाही माहीत नव्हतं. सुई टोचताना मी विचारलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटायचं आपल्याला वेड लागतंय. हिमोग्लोबिन सात होतं. लोह भरून निघालं आणि पेन्सिल आपोआप सुटली.

धडधड, पुलावर दम लागणं, केस, गार हातपाय, चिडचिड, हे सगळं त्याच रांगेत बसतं. थायरॉइडनेही यातलं बरंच होतं, म्हणून दोन्ही बघायला हवं. डॉक्टरांना स्वतःहून सांगा की मला एवढ्या तपासण्या करायच्यात: सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी-१२, व्हिटॅमिन डी, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनी). यातल्या एकालाही उपाशीपोटी जावं लागत नाही. तुम्ही ऑफिसातून येताना संध्याकाळीही देऊ शकता. बायका "उपाशी जायला वेळच नाही" म्हणत महिने घालवतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

फेरिटिन वगळू नका. हिमोग्लोबिन म्हणजे घरातल्या वापरातली भांडी, फेरिटिन म्हणजे कोठारातलं धान्य. कोठार आधी रिकामं होतं, भांडी नंतर. हिमोग्लोबिन १२ असूनही फेरिटिन तळाला गेलेल्या आणि त्यामुळे दमलेल्या बायका मी रोज बघते. रिपोर्टवर "नॉर्मल" लिहून आलं की त्यांना परत पाठवतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. फक्त ताप-सर्दीत फेरिटिन देऊ नका, तेव्हा ते खोटं वर दिसतं.

बी-कॉम्प्लेक्स आणि केसांच्या गोळ्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. त्यात बायोटिन असतं आणि त्याने थायरॉइडचा आकडा चुकू शकतो. सुई टोचणाऱ्यालाही तसं सांगून ठेवा.

आणि ते टॉनिक. त्यात लोह असेल तर चहाबरोबर घेतल्याने बरंचसं वाया गेलं. चहा लोह धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी उलट मदत होते.

आता खरा प्रश्न. एवढं सगळं लिहिलंत, पण पाळीबद्दल एक अक्षर नाही. किती दिवस जाते? गाठी पडतात? रात्री पॅड बदलायला उठावं लागतं? लाजू नका ताई. लोह जातंय कुठे ते कळायला हवं.

शेवंती (सोमवार, रात्री १०:३०)

ताई, तुमचा प्रतिसाद गाडीत वाचला आणि फोन मिटवून खिडकीबाहेर बघत बसले. पाळीचं मला कोणी विचारलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही, कारण ती तक्रार आहे असं वाटलंच नव्हतं. पाळी जायच्या आधी असं होतंच, आईचंही झालं होतं.

पूर्वी चार दिवस जायची. आता आठ, कधी नऊ. पहिले तीन दिवस एकावर एक दोन पॅड. गाठी पडतात, पावट्याएवढ्या, कधी मोठ्या. रात्री सासूबाईंसाठी उठते तेव्हाच बदलते, त्यामुळे वेगळं उठावं लागतं का ते लक्षातच आलं नाही. त्या दिवसांत काळी सलवार घालते आणि गाडीत बसायला जागा मिळाली तरी उभी राहते. बदलापूर ते भायखळा उभी. सीटला डाग लागला तर काय करू, या भीतीने. दीड वर्ष हे करतेय. आज लिहिताना कळलं की थकवाही दीड वर्षाचाच आहे.

लॅबवाली ताई (सोमवार, रात्री १०:४५)

शनिवारची वाट बघू नका. उद्याच रक्त द्या. आणि रिपोर्ट आले की स्त्रीरोगतज्ज्ञ, नुसते फॅमिली डॉक्टर नाही. पंचेचाळिशीनंतर रक्तस्राव वाढला तर त्याचं कारण शोधावंच लागतं.

नाशिककर (मंगळवार, सकाळी ९:०५)

शेवंतीताईंचं उत्तर बहुतेक सापडलंय. पण हा धागा वाचणाऱ्या पुरुषांसाठी माझं लिहून ठेवतो.

वय ५२. मालाच्या वसुलीसाठी महिन्यातून सहा-सात वेळा नाशिक-मुंबई गाडीने. तीन वर्षं मी दमलेलोच होतो. सगळे म्हणाले टेन्शन. मलाही पटलं, कर्ज होतंच डोक्यावर. सात-आठ तास झोपायचो, सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, दुपारी जेवणानंतर खुर्चीतच मान पडायची. एकदा कसारा घाट उतरताना डोळा लागला. किती वेळ ते सांगता येत नाही. गाडी डावीकडच्या कठड्याला घासत गेली, त्या आवाजाने जाग आली. शेजारी भाचा बसला होता, एकोणीस वर्षांचा. त्याला काही झालं नाही. पण त्या दिवशी घाटाखाली गाडी उभी करून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तो मला काढवेना.

घरी आल्यावर बायकोने एक रात्र मोबाइलवर माझं घोरणं रेकॉर्ड केलं. मी सकाळी ऐकलं. घोरणं चालू, चालू, आणि एकदम शांत. ती शांतता इतकी लांब की मीच श्वास रोखून ऐकत होतो. मग पाण्यातून वर आल्यासारखा मोठा श्वास. पुन्हा घोरणं. रात्रभर तेच. ती म्हणाली, "मी वर्षानुवर्षं जागी राहून तुमच्या पुढच्या श्वासाची वाट बघते." हे तिने आधी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

झोपेची तपासणी झाली. तासाला ३४ वेळा श्वास अडकत होता. तीसच्या वर गेलं की तीव्र धरतात. म्हणजे मी आठ तास पडून होतो, झोपत नव्हतो. आता सीपॅप मशीन लावून झोपतो, ते मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं. पहिले दोन आठवडे मास्क नको नको झाला, नाकावर वळ उठायचे, मध्यरात्री काढून फेकायचो. मास्कचा आकार बदलून घेतल्यावर जमलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी उठलो आणि डोकं दुखत नव्हतं. ते विसरणार नाही.

घोरता, सकाळी डोकं दुखतं, बीपी गोळ्यांना दाद देत नाही, गाडी चालवताना पेंग येते, यातलं काही असेल तर थकवा म्हणून सोडून देऊ नका. आणि तोवर गाडी चालवू नका, हात जोडून सांगतो. बायकांनाही हे होतं, विशेषतः पाळी गेल्यानंतर.

सोनकी (मंगळवार, रात्री ९:४०)

मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका, वय ४९. माझं थायरॉइड निघालं, टीएसएच ११ च्या वर. गोळी चालू झाली. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, नंतर अर्धा-पाऊण तास चहा नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. दोन महिन्यांत रिपोर्ट सुधारला. पण खरं सांगू? मी पूर्ण बरी झाले नाही. कारण माझी आई माझ्याकडे आहे, तिला विसरण्याचा आजार आहे आणि ती रात्री दाराची कडी काढते.

शेवंतीताई, तुमच्या रक्तात लोह कमी निघेलच बहुतेक, आणि ते भरूनही निघेल. पण मी तुमच्या तासांची बेरीज केली. पावणेबारा ते ४:४०, त्यात दोनदा उठणं. साडेचार तास झोप होत असेल, तीही तुकड्यांत. ही गोळीने भरून निघणारी गोष्ट नाही.

मी काय केलं ते सांगते. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत कोण काय करतं ते आठवडाभर लिहिलं. कोणावर चिडण्यासाठी नाही, मलाच बघायचं होतं. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला त्यात सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ९७, असं आलं होतं. माझ्या पानावर माझी ३४० झाली, नवऱ्याची पन्नासही नाहीत. ते पान मी त्यांच्यापुढे ठेवलं. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "यात बिलं भरणं धरलंस का?" मी म्हटलं धरलंय. मग गप्प झाले.

मला एक कळलं की "जरा मदत करा" म्हणून काही होत नाही. मदत म्हणजे काम माझंच, हात दुसऱ्याचा. लक्षात मीच ठेवायचं, सांगायचं मीच. त्यापेक्षा अख्खं काम द्यायचं. आमच्याकडे आता किराणा पूर्ण त्यांचा. डबा रिकामा झाला का हे बघण्यापासून. पहिल्या महिन्यात दोनदा तेल संपलं, मी तोंड मिटून बसले. आठवड्यातल्या दोन रात्री आईजवळ ते झोपतात. महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार माझा भाऊ येतो. त्याला हे मागायला मला चार वर्षं लागली आणि तो एका फोनवर हो म्हणाला. ती चार वर्षं आठवली की अजून जीव तुटतो.

सासूबाईंसाठी दोन गोष्टी. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा आणि जमिनीलगत रात्रीचा छोटा दिवा लावा. आणि त्या रात्री दोनदा का उठतात तेही डॉक्टरांना विचारा. शुगर वर असेल तर लघवी वाढते. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल आणि ती संध्याकाळी घेत असतील तर वेळ बदलता येते का तेही विचारा.

तपासण्यांचा खर्च जड जात असेल तर सरकारी रुग्णालयात चौकशी करा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

शेवंती (शनिवार, सायंकाळी ७:००)

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ८.४. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, ६८, कमीच. फेरिटिन ५. टीएसएच ३.१ म्हणजे ठीक. बी-१२ काठावर, व्हिटॅमिन डी १४. एचबीएवनसी ५.९.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन आले. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली, फायब्रॉइड, साडेचार सेंटिमीटरची, आतल्या अस्तराला टेकलेली. रक्त त्यामुळे जास्त जातंय, असं त्या म्हणाल्या. वय पंचेचाळीसच्या वर असल्यामुळे आधी अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला आहे. तो रिपोर्ट यायचाय, त्यामुळे मनात धाकधूक आहे. सध्या पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारी गोळी आणि एरवी लोहाची.

त्यांनी विचारलं, "एवढे दिवस आला का नाहीत?" मला उत्तर देता आलं नाही.

लॅबवाली ताई (शनिवार, रात्री ८:१०)

८.४ वर तुम्ही रोज उभ्याने बदलापूर-भायखळा करत होतात. तुम्ही कमी पडत होतात असं पुन्हा मनात आणू नका.

एचबीएवनसी ५.९ ने आता घाबरू नका. लोह कमी असताना तो आकडा थोडा वर दिसू शकतो. लोह भरल्यावर परत करा, तो धरा. गोळीने शौचाला काळी होईल, त्याने दचकू नका. आणि हिमोग्लोबिन १२ झालं की गोळी बंद करू नका. डॉक्टर सहसा पुढे तीन महिने चालू ठेवतात, कोठार भरायला. बहुतेक बायका इथेच सोडतात आणि वर्षात परत माझ्यासमोर येऊन बसतात.

शेवंती (सहा आठवड्यांनी, रविवार)

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. अस्तराचा रिपोर्ट चांगला आला, काळजीचं काही नाही. तो कागद हातात घेतला तेव्हा नवरा सोबत होता. रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "मला वाटायचं तू माझ्यावर रागावलेली असतेस, म्हणून बोलत नाहीस." दीड वर्ष आम्ही दोघं असे राहिलो.

हिमोग्लोबिन १०.३ झालंय. तांदूळ तिसऱ्या आठवड्यात सुटला. सोडावा लागला नाही. एके दिवशी निवडून झाले आणि लक्षात आलं की एकही दाणा तोंडात टाकलेला नाही. पुलावर अजून थांबते, पण आता नुसतीच थांबते, मोबाइल काढत नाही.

सोनकीताई, तुमच्यासारखं पान केलं. स्वयंपाकघराच्या दारावर लावलं. पहाटेचं पाणी आता मुलगा भरतो. त्याचं म्हणणं, मी एकपर्यंत जागण्यापेक्षा दहाला झोपतो आणि पाण्याला उठून तिथूनच अभ्यासाला बसतो. पहिल्या आठवड्यात दोनदा उठला नाही. घरात पाणी नव्हतं, बाहेरून जार आणला. मी उठले नाही. उठायचं नाही असं ठरवून डोळे मिटून पडून राहणं किती अवघड असतं! आता उठतो. मी पावणेसहाला उठते. नवऱ्याची रात्रपाळी नसते तेव्हा आईकडे तो बघतो.

सासूबाईंना खुर्चीचं कसं सांगू, या विचारात मी आठ दिवस घालवले. त्यांना अपमान वाटेल अशी भीती होती. शेवटी रिपोर्टच त्यांच्यापुढे ठेवला. त्या चष्मा लावून आकडे वाचत बसल्या. म्हणाल्या, "मी उठते तेव्हा तू जागीच असतेस, मला वाटायचं तुला झोपच येत नाही. माझ्यामुळे उठतेस हे आधी का नाही सांगितलंस?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मुलाला मेडिकल दुकानात पाठवून खुर्ची मागवली. आता माझ्या गोळीच्या वेळा त्याच सांभाळतात. गोळीनंतर दोन तास चहाचं भांडं गॅसवर चढू देत नाहीत.

आता एक विचारायचं आहे. लोहाच्या गोळीने मला बद्धकोष्ठाचा फार त्रास होतोय, पोटात मुरडा येतो. डॉक्टर म्हणाल्या एक दिवसाआड घेऊन बघा, तसंही ते चांगलं अंगी लागतं. पण फेरिटिन अजून १६ च आहे. नाहीतर शिरेतून लोह देऊ, एक-दोनदा दवाखान्यात यावं लागेल, असं त्या म्हणतात. गाठीसाठी गर्भाशयात हार्मोनचं लूप बसवायचा पर्यायही सांगितलाय, पण गाठ अस्तराला टेकलेली असल्यामुळे ते टिकेल का हे आधी बघावं लागेल. शिरेतून लोह कोणी घेतलंय का? दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता येतं का? अकरा तारखेच्या आत घ्यायचं की नंतर, ते ठरवायचं आहे.